बाहेर राहणाऱ्यांची खुर्ची

तुमच्याबद्दलचा शेवटचा मोठा निर्णय झाला तेव्हा तुम्ही त्या खोलीत होतात का?

घाईने हो म्हणू नका. तुमची बदली, तुमचा व्हिसा, तुमच्या रस्त्यावरचं पार्किंग, तुमच्या मुलाची शाळा. नीट आठवून बघा. मी आठवून पाहिलं तेव्हा माझी यादी लाजिरवाणी निघाली. ती यादी मला करायला लावली लंडनच्या एजवेअरमधल्या माझ्या घरमालकांनी. त्यांच्या बॉक्सरूममध्ये मी तीन वर्षं राहिले. बॉक्सरूम म्हणजे एक पलंग ठेवला की जिचं दार अर्धंच उघडतं अशी खोली. त्यांना आम्ही सगळे भाडेकरू काका म्हणायचो, आणि त्यांना ते चालायचं, फक्त रविवारी अकरा ते बारा सोडून.

खोली बघायला गेले तो रविवारच होता. काका दारात स्वेटरवर टाय लावून उभे होते. टाय क्लिपचा होता. पंचाहत्तरीच्या आसपासचे, मूळचे सांगलीचे. पण सांगली सोडून पन्नास वर्षं झालेली. त्यांनी माझी पे-स्लिप बघितली नाही, मी मांसाहार करते का तेही विचारलं नाही. बॉक्सरूमच्या अर्ध्या दारातून आत हात दाखवून ते म्हणाले, “इथून एक प्रतिनिधी येतो. खोली लहान आहे. मत पूर्ण आहे.”

मी विचारलं, “वायफाय?”

“त्याचा ठराव झालेला आहे.”

घराची व्यवस्था अशी होती. वर लॉफ्टमध्ये वैशाली, लातूरची, हॉस्पिटलात डॉक्टर. पुढच्या बेडरूममध्ये प्रशांत, पुण्याचा, बँकेसाठी सॉफ्टवेअर लिहिणारा. बॉक्सरूममध्ये मी. आणि खाली, पूर्वीच्या डायनिंग रूममध्ये, गुडघ्यांमुळे जिना सोडलेले काका. या चार खोल्या म्हणजे चार वस्त्या. खोलीच्या आतलं सगळं त्या खोलीच्या अखत्यारीत. किचन, बाथरूम, बाग, कचऱ्याचे बिन आणि हीटिंग हे घर-परिषदेच्या अखत्यारीत. परिषद दर रविवारी अकराला किचनमध्ये भरायची, पोह्यांवर. अध्यक्ष पाळीपाळीने. माझी पाळी असली की मी माझ्या घरमालकाला “आपला वेळ संपला” असं सांगू शकत असे, आणि तो खाली बसत असे. लंडनमध्ये हे सुख कोणाला मिळालं असेल तर मला कळवा.

मीटिंगमध्ये ते आम्हाला ‘आपण’ म्हणायचे. बाराला वाटीवर चमचा वाजवून मीटिंग संपली की लगेच, “ए प्रशांत, चहा टाक.”

टेबलाभोवती मात्र पाच खुर्च्या होत्या. पाचवी रिकामी असायची. पहिल्याच आठवड्यात प्रशांतने तिच्यावर आपलं ओलं जॅकेट टाकलेलं मी पाहिलं. काका उठले, जॅकेट उचललं, दारामागच्या हुकला लावलं आणि परत येऊन बसले.

“बसलेल्या माणसावर कोट टाकत नाहीत,” ते म्हणाले.

“अहो काका, कोण बसलंय?”

“बाहेर राहणाऱ्यांचा प्रतिनिधी.”

तो प्रतिनिधी म्हणजे त्यांचा मुलगा नितीन. याच घरात वाढलेला, आता बर्मिंगहॅमला राहणारा. काका त्याला दर आठवड्याला अजेंडा पोस्टाने पाठवायचे, पहिल्या वर्गाच्या तिकिटावर. नितीन परिषदेला कधीच आला नव्हता. निळ्या वह्यांमध्ये काकांच्या ताठ अक्षरात दर रविवारचं पहिलं वाक्य तेच असायचं: ‘बाहेर राहणाऱ्यांचे प्रतिनिधी: अनुपस्थित. कळवले होते.’ मी मागच्या वह्या चाळून पाहिल्या. वाक्य बदललेलं नव्हतं, फक्त शाई बदललेली होती.

किचनच्या भिंतीवर दोन घड्याळं होती. एक लंडनचं. दुसरं आठ तास मागे, नेवाडाचं.

“तिकडे आत्ता पहाटेचे तीन,” काका अकरा वाजता सांगायचे. “त्यांची झोप न मोडता सुरू करू.”

‘त्यांची’ म्हणजे वॉशो लोकांची, अमेरिकेतल्या एका मूळनिवासी जमातीची. आता हे सांगावं लागेल, कारण हे सगळं तिथून आलं होतं.

अमेरिकेत नेवाडा आणि कॅलिफोर्नियाच्या सीमेवर टाहो नावाचं एक मोठं, निळं, खोल तळं आहे. लोक तिथे बोटी चालवतात आणि हिवाळ्यात स्कीइंग करतात. ते तळं वॉशो लोकांच्या मुलखाचं मध्य. तो मुलूख त्यांच्याकडून गेला, कसा गेला ते आपल्याला वेगळं सांगायला नको, आणि त्यांच्या वाट्याला आली कोरड्या डोंगरातली जमीन आणि दरीतले काही तुकडे. त्या तुकड्यांवर आज चार वस्त्या आहेत: कार्सन, ड्रेसलरव्हिल, स्ट्युअर्ट आणि वुडफर्ड्स. पहिल्या तीन नेवाडात, चौथी कॅलिफोर्नियात. प्रत्येक वस्तीची स्वतःची निवडून दिलेली परिषद. त्या परिषदांमधून माणसं वर जातात आणि सगळ्या जमातीची परिषद होते, तिला एक निवडलेला अध्यक्ष. आणि जे या वस्त्यांच्या बाहेर राहतात, कामासाठी, लग्नामुळे, कशामुळेही, त्यांचेही प्रतिनिधी त्या परिषदेत बसतात.

“हे शेवटचं लक्षात ठेव,” काका म्हणायचे. “बाहेर गेलेल्या माणसाला त्यांनी खुर्ची ठेवली. आपल्याकडे बाहेर गेलेल्या माणसाला काय ठेवतात? गणपतीची वर्गणी.”

राज्यरेषेबद्दल त्यांचं ठराविक वाक्य होतं. “ती रेषा त्यांच्या मधून जाते. त्यांनी काढलेली नाही. ते तिच्यावरून मीटिंगला जातात.”

त्यांना हे सापडलं अपघाताने. इथल्या कौन्सिलमधून, म्हणजे नगरपालिकेतून, निवृत्त झाल्यावर ते सॅक्रामेंटोला भाच्याकडे गेले होते. भाच्याने त्यांना तळं दाखवलं. काकांनी ते पाहिलं. मग डोंगराच्या पलीकडे उतरून गाडी पेट्रोलसाठी थांबली, आणि तिथे एका फळ्यावर त्यांना एक छापील कागद दिसला. वस्तीच्या परिषदेची सभा, वेळ, स्थळ, आणि खाली अजेंडा: मागच्या सभेची मिनिट्स (इतिवृत्त), अहवाल, रस्त्यावरचे दिवे, इतर विषय.

इतर लोक तळ्याचे फोटो काढतात. काकांच्या फोनमध्ये त्या फळ्याचे अकरा फोटो होते.

सभा त्याच दुपारी होती. भाचा नको नको म्हणत असताना ते तिथे गेले. दारात एक मध्यमवयीन बाई बसल्या होत्या. काकांनी स्वतःची ओळख करून दिली: लंडनच्या एका कौन्सिलमध्ये एकतीस वर्षं कमिटी क्लार्क, व्यावसायिक कुतूहल, मागे बसून ऐकतो. बाईंनी ऐकून घेतलं. मग अगदी आदराने सांगितलं की आजची सभा सभासदांसाठी आहे, तुम्ही बाहेर बसा, कॉफी आहे.

“आणि मग?” मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं.

“मग मी बाहेर बसलो. कॉफी चांगली होती.”

“तुम्हाला राग नाही आला?”

“राग? अगं, आयुष्यात पहिल्यांदा मी दार बरोबर बाजूने बंद झालेलं पाहिलं.”

यात मला अर्थातच वाद घालायचा होता. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. माझे वडील नागपूरला युनियनचं काम करायचे. आमच्या पलंगाखाली ट्रंका नसायच्या, पत्रकांचे गठ्ठे असायचे. मी अक्षरं शिकले ती ‘बंधू-भगिनींनो’ या शब्दावर. तेव्हा पहिल्याच महिन्यात मी परिषदेत उभी राहून म्हटलं, की ज्यांचा देश लुटला गेला त्यांची पद्धत उचलून एजवेअरमध्ये बिनचा प्रश्न सोडवणं हा त्यांचा अपमान आहे.

काकांनी ते शब्दशः लिहून घेतलं. मग उभे राहिले. ते एका माणसाशी बोलतानाही उभे राहायचे.

“मुद्दा योग्य आहे. म्हणून मी नाव घेतलं नाही. खोल्यांना त्यांच्या वस्त्यांची नावं दिली नाहीत. नावं त्यांची आहेत. मी त्यांचा तज्ज्ञ नाही, मी त्यांचा वाचक आहे. शिकलो कोणाकडून ते लपवत नाही, एवढंच.”

“आणि भाडं? ते परिषद का ठरवत नाही?”

प्रशांत पोहे खायचा थांबला.

“ते परिषदेच्या कक्षेबाहेर आहे,” काका म्हणाले. “त्यांच्या डोक्यावरही वॉशिंग्टन आहे. इथे ते मी आहे. हेही लपवत नाही.”

मी त्या दिवशी खोलीत जाऊन त्यांच्याविरुद्ध एक पत्रक लिहिलं आणि फ्रिजवर लावलं. संध्याकाळी ते माझ्या दाराबाहेर उभे. ते कधी दार वाजवत नसत, बाहेर थांबून “आत येण्याची परवानगी?” असं विचारत. त्या दिवशी तर जिना चढून आले होते. हातात माझं पत्रक. त्यावर लाल पेनाने आठ ठिकाणी वर्तुळं.

“यात ‘आम्ही’ हा शब्द आठ वेळा आहे,” ते म्हणाले. “वैशालीला विचारलंस?”

“नाही.”

“प्रशांतला?”

“नाही.”

“मग ‘मी’ लिही. मजकूर चांगला आहे. मी पुन्हा फ्रिजवर लावतो.” आणि त्यांनी खरंच लावलं.

या माणसाबरोबर राहण्याची किंमत काय होती ते स्कायलाइटच्या वेळी कळलं. लॉफ्टमधली छताची खिडकी गळू लागली. काकांनी माणूस बोलावला. तो शिडी घेऊन आला तेव्हा वैशाली हॉस्पिटलात, फोन लॉकरमध्ये. काकांनी त्याला चहा दिला आणि परत पाठवलं. लॉफ्टची संमती नव्हती. पाणी वैशालीच्या गालिच्यातून प्रशांतच्या छतात उतरलं आणि तिथून त्याच्या टेबलावर.

“काका,” प्रशांत जिन्यातून म्हणाला, अगदी शांतपणे, “तुमची लोकशाही माझ्या लॅपटॉपवर टपकतेय.”

“बादली परिषदेची आहे,” काका खालून म्हणाले. “घे.”

वैशाली आल्यावर वैतागली. “अहो काका, घर बुडत असेल तर शिरा ना माझ्या खोलीत.”

“हे लिहून देशील?”

तिने लिहून दिलं. पुढच्या रविवारी ‘आपत्कालीन प्रवेश’ असा ठराव झाला, चार विरुद्ध शून्य. पाचवी खुर्ची अनुपस्थित. कळवले होते.

मी त्यांना एकदा विचारलं की या सगळ्याचा एवढा हट्ट कशासाठी. आम्ही बागेत वाळत घातलेले कपडे काढत होतो. ते चिमटे डब्यात टाकत राहिले आणि बोलले.

नोकरीत असताना एका कमिटीपुढे वृद्धांचं एक निवासगृह बंद करण्याचा विषय होता. तिथल्या माणसांना वेगवेगळ्या ठिकाणी हलवायचं होतं. कागदावर ‘रहिवाशांशी सल्लामसलत झाली’ असं होतं. ते वाक्य काकांनीच टाइप केलं होतं, तशी शेकडो वाक्यं त्यांनी टाइप केली होती. सल्लामसलत म्हणजे एक सूचनापेटी. मीटिंग सुरू झाली आणि चुकीच्या दाराने एक म्हातारी बाई आत आली. वॉकर, टोपी, बाहेर जायचा कोट. तिने विचारलं, “इथे आमच्याबद्दल चाललंय का?” अध्यक्षांनी काकांकडे पाहिलं. काका उठले आणि तिला सांगितलं की पब्लिक गॅलरी वर आहे.

“लिफ्ट होती?” मी विचारलं.

“नव्हती. मी तिला जिन्याकडे बोट दाखवलं.” त्यांनी डब्याचं झाकण लावलं. “नियम बरोबर होता. मिनिट्समध्ये ती बाई नाही. मीच लिहिली मिनिट्स.”

त्यानंतर मी त्यांच्या निळ्या वह्यांवर विनोद केले नाहीत. म्हणजे, कमी केले.

तिसऱ्या वर्षी, हिवाळा संपता संपता, काका बाथरूममध्ये पडले. खुब्याचं हाड. ऑपरेशन ठीक झालं, पण त्यांना वॉर्डात तीन आठवडे राहावं लागलं, आणि या तीन आठवड्यांत दोन माणसांनी त्यांचं भलं करायचं ठरवलं. एक नितीन. दुसरी मी.

नितीन बर्मिंगहॅमहून आला. मी त्याला पहिल्यांदा पाहिलं: उंच, दमलेला, बापासारखंच कपाळ. तो किचनमध्ये उभा राहिला आणि दुसऱ्या घड्याळाकडे बघत म्हणाला, “हे अजून आहे?” त्याने सांगितलं की त्याने त्याच्या घराजवळ एक रिटायरमेंट फ्लॅट बघितलाय. “खूप चांगली फ्लॅट आहे. वॉर्डन आहे, लिफ्ट आहे. मी सगळं अरेंज केला. बाबाला इथे एकटा ठेवू शकत नाही ना.”

“ते एकटे नाहीत,” मी म्हटलं. “आम्ही आहोत.”

“यू गाइज आर टेनंट्स,” तो म्हणाला. वाईट हेतूने नाही. माहिती म्हणून.

माझ्यातली नागपूरची मुलगी उठली. दोन संध्याकाळी मी पत्रक लिहिलं. मथळा: ‘आमच्या काकांना हलवू देणार नाही.’ एजवेअरच्या बाजारात, देवळाबाहेर, वेम्बलीला भाजीच्या दुकानांपुढे उभं राहून मी सह्या घेतल्या. लोकांनी भराभर केल्या. एका बाईंनी तर डोळे पुसले. मी मजकूर स्थानिक कौन्सिलरला पाठवला, हॉस्पिटलला पाठवला, आणि स्वतःवरच खूश होते. दर दोन दिवसांनी मी काकांना भेटायला वॉर्डात जायचे. द्राक्षं न्यायचे. त्यांच्या खुब्याबद्दल, वुडफर्ड्सच्या पुढच्या मीटिंगबद्दल बोलायचे. पत्रकाबद्दल बोलले नाही. का? मला वाटलं त्यांना त्रास कशाला. नितीनलाही नेमकं हेच वाटत होतं.

गुरुवारी दोन वाजता डिस्चार्जची मीटिंग होती, वॉर्डाच्या टोकाला एका लहान खोलीत. सोशल वर्कर, वॉर्डची नर्स आणि नितीन. वैशालीने मला वेळ सांगितली होती आणि ती स्वतःही ड्यूटीतून वाट काढून आली होती. मी सह्यांचा गठ्ठा घेऊन, न बोलावता, आत गेले आणि बसले. सोशल वर्कर भली बाई होती. तिने मला हाकललं नाही. नितीनने फ्लॅटचं माहितीपत्रक टेबलावर ठेवलं. मी माझं पत्रक त्याच्या शेजारी ठेवलं. मग आम्ही दोघे पंधरा मिनिटं भांडलो, इंग्रजीत आणि मराठीत, तो म्हणे सुरक्षितता, मी म्हणे स्वातंत्र्य. वैशाली मध्येच एकदा म्हणाली, “काका कुठे आहेत?” नर्सने सांगितलं, ते विश्रांती घेतायत. आम्ही पुढे भांडलो.

दार उघडलं. वॉकर आधी आत आला, मग काका. हॉस्पिटलचा गाऊन, त्यावर स्वेटर, आणि गाऊनला कॉलर नसल्यामुळे क्लिपचा टाय स्वेटरच्या गळ्याला लावलेला. त्यांना धाप लागली होती. त्यांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि इंग्रजीत, हळू, विचारलं, “इथे माझ्याबद्दल चाललंय का?”

त्या खोलीत त्या वाक्याचा अर्थ फक्त मला माहीत होता. टेबलाभोवती खुर्च्या चार होत्या, आणि वैशाली भिंतीला टेकून उभी होती. सह्यांचा गठ्ठा माझ्या मांडीवर होता आणि मी खुर्चीत बसले होते. काकांच्या खुर्चीत, असं म्हणायला हवं. मी उठले.

ते बसले, वॉकर भिंतीला लावला, खिशातून पेन काढलं. “अध्यक्ष कोण?”

सोशल वर्कर म्हणाली की ही अनौपचारिक भेट आहे.

“अनौपचारिक मीटिंगा सगळ्यांत धोक्याच्या,” काका तिला म्हणाले. “त्यांची मिनिट्स नसतात.” आणि माझ्या पत्रकाची पाठ कोरी होती, ती त्यांनी घेतली आणि वर तारीख टाकली. मग उलटून मजकूर वाचला. सावकाश. खालच्या सह्यांवरून पेनाचं टोक नेलं.

“यात माझी सही कुठे आहे?”

“नाही आहे,” मी म्हटलं.

“मला विचारलं होतंस?”

“नाही.”

त्यांनी मथळ्यातल्या ‘आमच्या’वर वर्तुळ काढलं. रागावले असते तर बरं झालं असतं. मग फ्लॅटचं माहितीपत्रक उचललं.

“नितीन, मला विचारलं होतंस?”

“बाबा, तू ऑपरेशनमध्ये होता. मी तुझ्यासाठीच–”

“ऑपरेशन दोन तास होतं.” मग माझ्याकडे वळून, जवळजवळ मजेने, “वॉशिंग्टन आता बर्मिंगहॅमला गेलंय.”

नितीनला ते कळलं नाही. पण तो बापाचाच मुलगा. टेबलावर बोट ठेवून म्हणाला, “मला पण कोणी विचारला नाही कधी, बाबा. तू मला बिनचा अजेंडा पाठवतो. दर वीक. आई गेली त्याच्यानंतर पण आला, बिनचा. तू फोन नाही करत. लिहितो, कळवलं होतं. काय कळवलं?”

काकांचं पेन थांबलं. नर्सने घड्याळाकडे बघितलं आणि मग बघायचं सोडलं. वैशाली खिडकीकडे वळली.

“मुद्दा योग्य आहे,” काका शेवटी म्हणाले. “नोंदवतो.” आणि नोंदवला. लिहायला वेळ लागला.

मग सोशल वर्करने ते केलं जे आम्ही दोघांनी तीन आठवड्यांत केलं नव्हतं. तिने विचारलं, “तुम्हाला काय हवंय?”

काकांनी पेनाला टोपण लावलं.

“मला माहीत नाही,” ते म्हणाले. “अजून मी विचार केलेला नाही. कोणी विचारलं नव्हतं. विषय रविवारपर्यंत तहकूब करावा अशी सूचना मांडतो. घरी. अकरा वाजता.”

त्यांना अनुमोदन लागतं हे त्या खोलीत वैशालीला आणि मला माहीत होतं, पण आम्ही हात वर करायच्या आत नितीन म्हणाला, “सेकंडेड.” कमिटी क्लार्कच्या घरात वाढलेला मुलगा. त्याला येत होतं सगळं.

कागदपत्रं झाली, रोज घरी येऊन मदत करणारी केअरर ठरली, शनिवारी काका घरी आले. रविवारी नितीन पाचव्या खुर्चीत बसला. बसण्याआधी त्याने तिच्यावर हात फिरवला, धूळ आहे का बघायला. नव्हती. प्रशांतने पोहे केले होते, खारट. अध्यक्षपद माझ्याकडे होतं. मी विषय पुकारला आणि म्हटलं, चर्चेनंतर मतदान घेऊ. माझं मत तयार होतं.

काका उभे राहिले, टेबलाला धरून.

“हरकतीचा मुद्दा. मी कुठे राहायचं हा खालच्या खोलीचा अंतर्गत प्रश्न आहे. परिषदेच्या कक्षेबाहेर. परिषदेने फक्त नोंद घ्यावी.”

मला ती हरकत मान्य करावी लागली. दुसरा काही मार्ग नव्हता. त्यांनीच शिकवलं होतं.

“खालची खोली बर्मिंगहॅमला जाणार आहे,” काका म्हणाले. “तो फ्लॅट नाही. मी तिथे जाऊन तीन बघेन आणि त्यातला एक घेईन, किंवा चौथा. घर असंच चालेल. खाली नवा माणूस येईल, त्याला पूर्ण मत. आणि मी आता बाहेर राहणारा होणार, तर बाहेर राहणाऱ्यांची खुर्ची मला मिळावी. नितीनबरोबर, आलटून पालटून.”

“तुम्हाला खरंच जायचंय?” मी विचारलं. अध्यक्षाने असं विचारायचं नसतं.

“मुलगा आहे तिथे,” ते म्हणाले. “आणि बिनच्या अजेंड्यावर तो बोलत नाही.”

नोंद घेतली गेली. बाराला त्यांनी चमचा वाजवला नाही, नितीनकडे दिला. नितीनने वाजवला आणि म्हणाला, “बाबा, चाय घेतो का?”

नेवाडाचं घड्याळ त्यांनी नेलं नाही. “घर इथे आहे,” म्हणाले. मीही आता त्या घरात राहत नाही, वेम्बलीला असते. पण रविवारी अकराला फोन लावते. बाहेरचे आता तिघे झालो आहोत. पाचव्या खुर्चीवर फोन ठेवतात, स्पीकर चालू, आणि बर्मिंगहॅमहून काकांचा आवाज येतो: “तिकडे पहाटेचे तीन. सुरू करू.” ते एकदाही गैरहजर राहिलेले नाहीत. मी अजून पत्रकं लिहिते. ‘आम्ही’ लिहिण्याआधी फोन करायचे असतात, म्हणून ती पूर्वीपेक्षा उशिरा निघतात आणि लहान असतात.

आता तुमच्याकडे एक मागणं. या आठवड्यात तुमच्या घरात, मंडळाच्या कमिटीत किंवा ऑफिसात कोणातरी गैरहजर माणसाचं भलं ठरत असेल. ठरतच असतं. तुमच्या हातात सहीचा कागद असला तर पेन खाली ठेवा आणि आधी त्या माणसाला फोन लावा. स्पीकरवर ठेवा. त्याला काय हवंय ते विचारा आणि तो ‘माहीत नाही’ म्हणाला तर विषय पुढच्या रविवारवर टाका. आणि तोपर्यंत त्याच्या खुर्चीवर कोट टाकू नका.